चिमूटभर जास्त

४ जानेवारी

चि. बेबीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. साठी उलटली तरी माझ्या पत्रात तू चि.च राहशील, तक्रार चालणार नाही.

आज पीठ चाळताना बाबांची बेकरी आठवली. आपण दोघी पोत्यांवर बसून गृहपाठ करायचो, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत सिस्टर आपल्या वह्या झटकून मगच उघडायच्या. बाबा माल तोलायचे, पारडी बरोबरीला आली की वर एक चिमूट टाकायचे. साखर असो, चुरा असो. तराजू दुकानाचा, चिमूट आपली, असं म्हणायचे. तूही अजून टाकतेस, म्हणून तुझ्याकडे गिऱ्हाईक टिकून आहे. तुझ्या केकमुळे नव्हे.

आता बातमी. माझ्या नातीचं नाव तू हौसेने खार ठेवलंस आणि नेमका शेंगदाणाच तिला वर्ज्य निघाला. मैत्रिणीच्या वाढदिवसाला केकचा घास खाऊन तिचे ओठ सुजले, आवाज बसला, इस्पितळ गाठावं लागलं, हे तुला ठाऊक आहे. आता नवी डॉक्टरीण म्हणते, तिला शेंगदाणाच द्यायचा. आधी कणभर, दवाखान्यात, त्यांच्या डोळ्यांसमोर. मग तेवढाच रोज घरी. पुन्हा दवाखान्यात जाऊन थोडा वाढवायचा. शरीराला म्हणे हळूहळू सवय होते. मी विचारलं, कुत्रं चावतं म्हणून रोज त्याच्या तोंडात बोट द्यायचं का? बाई हसलीसुद्धा नाही. म्हणाली, अ‍ॅलर्जी जाणार नाही, पण चुकून थोडं पोटात गेलं तर जिवावर बेतण्याची शक्यता कमी होईल. आणि उपचार चालू असताना, शेंगदाणा टाळणाऱ्यांपेक्षा त्रास जास्तच होईल. स्वतःच्या मालाला इतकी नावं ठेवणारी दुकानदारीण मी पाहिली नव्हती. माझ्या सुनेने मात्र माल घेतला.

माया आहे तशीच राहू दे.
तुझी,
ताई

१९ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

म्हणजे माझंच खरं ठरलं! पोरीला थोडं थोडं चाटवा, असं मी घसा फोडून सांगत होते, तेव्हा तुझ्या सुनेने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी उंदरांचं औषध वाटतेय. आता तेच डॉक्टरणीने सांगितलं तर ते शास्त्र. मी सांगितलं तर अडाणीपणा, कारण माझ्या गळ्यात नळी नसते, ॲप्रनला पीठ लागलेलं असतं.

आपल्या लहानपणी कुणाला होती ही अ‍ॅलर्जी? नाक गळलं की आई पदराने पुसायची, संपलं. आता पोरांपेक्षा त्यांची पथ्यं मोठी. तुझ्या मुलाने मागे मला फोन करून विचारलं होतं, की बेकरीत हवेत शेंगदाणा असतो का. हवेत! मी म्हटलं, असतो, रोज संध्याकाळी उडतो, फांदीवर बसतो.

ताई, चेष्टा बाजूला ठेवते. खार अजून एकदाही माझ्या बेकरीची पायरी चढलेली नाही. मला मूल नाही. भट्टीतून ट्रे निघताना तिने एकदा माझ्या शेजारी उभं राहावं, एवढंच मागते. हे औषध तेवढं करणार असेल तर त्या न हसणाऱ्या बाईला मी रोज ताजा पाव पाठवीन.

जवळ नाही म्हणून विसरू नकोस.
तुझी,
बेबी

११ मार्च

चि. बेबीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू डॉक्टर झाली नाहीस, ही मानवजातीवर कृपा. तू चाटवणार होतीस बोटाने, अंदाजाने. इथे सोनाराकडे असतो तसला चिमुकला काटा आहे आणि सून त्यावर श्वास रोखून शेंगदाण्याचं पीठ तोलते. ते जॅममध्ये कालवून द्यायचं, तेही भरल्या पोटी. नंतर धावायचं नाही, गरम पाण्याने अंघोळ नाही. ताप असेल तर डॉक्टरणीला विचारल्याशिवाय द्यायचं नाही. खारीचं तोंड खाजतं, कधी पोट दुखतं, एकदा उलटी झाली. पण मात्रा वाढते आहे, हेही कबूल करायला हवं. मला आवडो न आवडो.

शेजारीणबाईंनी काल एक पत्रक आणून दिलं. कुठल्याशा दवाखान्यात अ‍ॅलर्जीपासून कायमची मुक्ती मिळते, हमखास. वर हसरं कुटुंब, दात इतके पांढरे की मुक्ती दातांनाच मिळाली असावी. मी ते आमच्या डॉक्टरणीला दाखवलं. ती म्हणाली, रोजचं बंद केलं तर मिळवलेलं संरक्षण जाऊही शकतं, मग कायमचं कसलं? पत्रक मी भाजीच्या सालांखाली घातलं.

पुढच्या आठवड्यात माझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. मुलगा-सून दोघांनाही कामासाठी बाहेरगावी जावं लागतंय. तू ये. सून तुला सगळं तोलून दाखवील. तिच्यासमोर तोंड आवर.

भेटीची वाट बघते.
तुझी,
ताई

२ एप्रिल

ती. ताईस,
नमस्कार.

तुझ्याकडून परतल्यापासून चार वेळा पत्र लिहून फाडलं.

एक चिमूट, ताई! जे औषध एका चिमटीने विष होतं ते कसलं औषध? पहिले दोन दिवस मी भट्टीवाल्याशी एवढंच भांडत होते. तो बिचारा हो म्हणत राहिला. मग तिसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाची साखर तोलली आणि माझा हात आपोआप पुन्हा डब्यात गेला. तो वर आलेला मी पाहिला. असाच गेला होता तुझ्या स्वयंपाकघरात. सुनेने सांगितलं तेवढं मी काट्यावर बरोबर तोललं होतं गं, आकडा बघून. आणि मग वर टाकली. विचारसुद्धा केला नाही. पोर गोड वाटली, टाकली.

खार खोकायला लागली तेव्हा मला वाटलं ठसका. तिच्या मानेवर गांधी उठल्या, आवाज घोगरा झाला, आणि डोळ्याला पट्टी बांधलेली तू भिंत चाचपत आलीस आणि ते इंजेक्शनचं पेन तिच्या मांडीत टोचलंस. मी चमचा धरून उभी होते. रुग्णवाहिका बोलवायची आठवणही तूच केलीस.

माझ्यामुळे उपचार थांबला असं कानावर आलं. ज्याने खार माझ्याकडे आली असती तेच मी घालवलं. आता तिला इकडे पाठवू नका. मीही येत नाही.

बेबी

२६ जून

चि. बेबीस,
अनेक आशीर्वाद, लायकी नसताना.

स्वतःला इतकं महत्त्व देऊ नकोस. उपचार थांबला नव्हता, एक पायरी मागे घेतला होता. डॉक्टरीण म्हणाली, मात्रा कमी करून पुन्हा चढू. असं अचूक मापानेही होतं, आणि खारीला त्या दिवशी सर्दीही होती, जी मला दिसली नाही, एकच डोळा उघडा होता म्हणून नव्हे, विचारलं नाही म्हणून. तेव्हा मावशीआजींनी सगळं श्रेय एकट्याने घेऊ नये. उरलेलं मात्र पुरेसं आहे, ते घे.

पुढे जायचं की नाही, हे तिच्या आईने तिलाच विचारलं. मी म्हटलं, सोडा आता, आयुष्यभर डबे वाचून जगेल. खार म्हणाली, तिला आजीची भीती खायची नाही, त्यापेक्षा पीठ बरं. एवढीशी जीभ, पण धार आपल्या घराण्याची.

काल दवाखान्यात तिला शेंगदाण्याच्या एका दाण्याइतकं दिलं. तासभर आम्ही तिच्या मानेकडे बघत बसलो. काही झालं नाही. नुसतं तोंड वाकडं केलं आणि विचारलं, या मातीसाठी तुम्ही सगळे इतके घाबरत होतात? डॉक्टरीण पहिल्यांदा हसली. लगेच सावरून म्हणाली, चुकून तुकडा गेला तर बहुधा निभावेल. बहुधा हा शब्द दोनदा म्हणाली.

पुढच्या महिन्यात एका रविवारी ती तुझ्याकडे येते आहे, तिच्या आईबरोबर. तिच्या आईनेच ठरवलंय, मी शब्द टाकला नाही. त्या दिवशी शेंगदाण्याचं काही भाजू नकोस, ओटे, ट्रे, काटा सगळं धुऊन ठेव, आणि तुझ्या दुकानातलं काहीही तिला भरवायचं नाही. तिचा डबा ती आणील.

यासोबतची पेटी तिच्या आईने भरली आहे. पेनं अ‍ॅड्रेनलिनची आहेत. लाल चिठ्ठीचं शाळेच्या बाईंचं आहे, पण एक पुरलं नाही तर हाताशी असावं म्हणून पाठवलंय, ते सून परतताना घेईल, तोवर फ्रीजमध्ये किंवा भट्टीजवळ ठेवू नको. सुई नसलेलं सरावाचं पेन भट्टीवाल्याला दे, रोज मांडीवर चालवायला लाव. त्रास झाला तर काय करायचं त्याचा छापील कागद काउंटरवरच्या मुलीला दे. पेन टोचल्यावरही इस्पितळात न्यायचंच, हे तिच्याकडून म्हणवून घे.

हिरव्या चिठ्ठीचं पेन तुझं. चिठ्ठीवर नाव सुनेने स्वतःच्या हाताने लिहिलंय. ॲप्रनच्या खिशात ठेव.

तुझी,
ताई