अमोलजवळची जागा

६ जुलै
दवाखान्यातून घरी आलो. डॉक्टर मला एकटीला आत बोलावून सांगणार होते. म. बाहेर बाकावर. तर हे माझे नवरोबा स्वतः दार ढकलून आत. "लिवर मेरा है डॉक्टर साहब, मुझे भी बताइए." मग त्यांनी दोघांना सांगितलं. कॅन्सर सगळीकडे पसरला आहे. आता फक्त दुखणं कमी करायची औषधं. महिने धरू नका म्हणाले.
 ऑटो घराच्या गल्लीत वळल्यावर म. म्हणाले, "माझी बिल्टी कटली, सुमन." माल ट्रकवर चढला की कटते ती पावती. भनपुरीच्या ट्रान्सपोर्ट गोदामात जन्म काढला माणसाने, मरणातही तेच.
मी हसले. मग जिन्यात बसून रडले. वर यायला त्यांनाच मला हात द्यावा लागला.

९ जुलै
प्रार्थनेची मंडळी आली होती. विकासभैया पुढे. नेहमीप्रमाणे मोठ्याने, आजाराला दटावत. निघ, या देहातून निघ. शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली.
मधेच म. म्हणाले, "भैया, मेरे लिए अच्छी मौत माँगो." विकासभैयांनी अडवलं. "ऐसा नेगेटिव नहीं बोलते अंकल, विश्वास रखिए." मग पोहे, चहा. पोहे मात्र संपले.
ते गेल्यावर म. चिडले. "माझ्याच घरात मले मरू देऊन नाही राहिले हे लोक."

१२ जुलै
लेकीचा, दीनाचा भोपाळहून फोन. मुलांची परीक्षा झाली की येते. मी मराठीत विचारते, ती हिंदीत सांगते, आयुष्यभराचं असंच. "मम्मी, पापा को मत बताना कि सीरियस है." म्हटलं, बाई, त्यांनी माझ्याबरोबरच ऐकलं.

१५ जुलै
हे लिहावं की नाही. लिहिते.
कबरस्तान कमिटीचे सेक्रेटरी भेटायला आले होते. भला माणूस. म. नी सरळच विचारलं, मला जागा कुठे. ते अवघडले. जुन्या कबरस्तानात नवा खड्डा आता होत नाही, जागाच उरली नाही. शहराबाहेर नवी जमीन घेतली आहे, नुसता मुरूम, अजून कुंपणही नाही. नाहीतर घरची जुनी कबर असेल तर ती उघडून त्यातच. बरीच घरं तसं करतात. घरच्यांचा होकार पाहिजे, बस.
घरची कबर म्हणजे आमच्या मुलाची, अमोलची.
बारा वर्षं झाली. एकोणीस वर्षांचा होता, डेंग्यू, चार दिवसांत गेला.
सेक्रेटरी गेल्यावर म. माझ्याकडे बघत राहिले. "मले पोट्ट्याजवळ ठेव."
मी म्हटलं, "नाही."
"काहून?"
"त्याले उघडायचं नाही. मले नाही जमत."
 म्हणाले, "बरं. तू नाही म्हणशील तर नाही." आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

१६ जुलै
औषध, पेज, चादरी. बोलणं गरजेपुरतं.

२१ जुलै, रविवार
एकटी उपासनेला गेले. नंतर पाळकसाहेबांना गाठलं. चांगले आहेत, तरुण आहेत. म्हणाले, "माताजी, क़ब्र में तो सिर्फ़ मिट्टी है. आत्मा प्रभु के पास है."
म्हटलं, माती आहे तर दर नोव्हेंबरात आपण तिला चुना का लावतो? मेणबत्त्या कोणाला? आणि शेवटल्या दिवशी शरीर उठणार असं तुम्हीच शिकवता, ते कोणाचं, मातीचं?
ते म्हणाले, मी प्रार्थना करतो. हरलेला माणूस हेच म्हणतो. मीही म्हणते कधीकधी.
खरं त्यांना काय सांगणार. मी त्याला तिथे झोपलेला बघते. त्याच निळ्या शर्टात, केस ओले करून विंचरलेले. देवाने उठवेपर्यंत त्याला कोणी हलवायचं नाही, एवढंच मागणं आहे. फार आहे का?

२६ जुलै
गोल बाजारात गेले, कापडाला. मिशनच्या शाळेत शिवण शिकवायची नोकरी केली, तेव्हापासून मंडळीत कोणी गेलं की शवपेटीच्या आतलं अस्तर माझ्याकडे. अमोलचंही मीच शिवलं, करू नको म्हणत होते सगळे. म. चं दुसऱ्या कोणी केलेलं मला चालणार नाही, आणि ऐनवेळी हात चालतील याचा भरवसा नाही. म्हणून आधीच.
दुकानदाराने पांढऱ्या साटिनचा तागा उलगडला. "शादी है क्या दीदी, घर में?" मी हो म्हटलं. काय सांगायचं त्याला.
घरी पिशवी लपवली तरी म. नी ओळखलंच. हात लावून बघितलं. "साटिन काहून आणलं? गरम होते. सुती आण." उद्या जाऊन बदलून आणावं लागेल. जन्मभर माझी एक खरेदी पसंत पडली नाही या माणसाला.

२७ जुलै
सुती आणलं. भरपूर घेतलं. म. ना वास आवडला कोऱ्या कापडाचा. बऱ्याच दिवसांनी दोघं हसलो.

२ ऑगस्ट
कबरस्तानात गेले. कबरी खोदणारा समारू तिथेच होता, कुदळीला दांडा बसवत. त्याला विचारलं, जुनी उघडली की काय निघतं.
त्याला सांगायचं नव्हतं. मी हटले नाही. "पेटी गल जाथे दाई. हाड़ा रहिथे." पेटी कुजून जाते, उरलेली हाडं कपड्यात बांधतात, खड्डा थोडा आणखी खोल करतात, गाठोडं तळाशी पायथ्याकडे ठेवतात, वर नवी पेटी. म्हटलं, सांभाळून करतोस का? म्हणाला, हव. मग जरा थांबून, घाई असली की तेवढं नाही होत दाई, पावसात माती ढासळते.
मला त्याचा इतका राग आला की चप्पल उलटी घालून निघाले.
शास्त्रात भाऊ मेलेली ती बेथानीची थोरली बहीण. प्रभू म्हणतो कबरीवरची धोंड काढा, आणि ती म्हणते नको, आता वास येईल. लहानपणापासून वाटायचं, कसला हा अविश्वास. आज कळलं, ती बहीण होती एवढंच. आणि प्रभू तिच्यावर रागावला नाही. मेलेल्याला उठवणार हे ठाऊक असून तोही तिथे रडला. मंडळीत हे कोणी फार वेळ बोलत नाही. लगेच उठवण्यावर येतात.

५ ऑगस्ट
म. ची संध्याकाळ वाईट गेली. दुखणं उतरल्यावर मी पाय चेपत होते. ते बोलले, तसंच्या तसं लिहून ठेवते.
"सुमन, तुले खरं सांगू? मले भेव वाटून राहिलं."
"कशाचं?"
"ते नाही समजत. विश्वास आहे. भेव पण आहे. दोन्ही एकाच खाटेवर झोपते." मग, "मले वाटलं, पोट्टा तिकडचा जुना झाला आता. त्याच्याजवळ असलो तर…"
  सहा फुटी माणूस, ट्रक ड्रायव्हरांशी आवाज चढवून बोलणारा, आणि त्याला अंधारात कोणाचा तरी हात पाहिजे.
आज देवाशी भांडले. भांडण्यापलीकडे प्रार्थना येत नाही सध्या. मला दोघांतला एक निवडायला लावतोस. एकाला उघडायचं, नाहीतर एकाला मुरमात एकटं सोडायचं.

११ ऑगस्ट
सांगितलं त्यांना. सकाळी, तोंड पुसताना. "अमोलजवळच ठेवते तुम्हाला."
वाटलं होतं, बरं वाटेल. मान हलवली. "नको. तुले त्रास होईल. मुरमात ठेव. हवा चांगली असेल तिकडे."
"असं काहून बोलून राहिले? मी हो म्हणते ना."
"तू माझ्यासाठी म्हणून राहिली. नको."
लग्नाला चाळीस वर्षं होत आली, तरी कोण कोणासाठी काय सोडतो याचाच घोळ चालू.

१४ ऑगस्ट
दीना आली. बापाला बघून स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली, नळ सोडून. मी नळ बंद केला नाही.

१९ ऑगस्ट
पाणी चमच्याने. मला ओळखतात. दीनाला कधी अमोल म्हणतात, ती ओ देते.

२३ ऑगस्ट
आज सकाळी गेले.
शांतपणे नाही. श्वासासाठी फार झगडले. मी हात धरून होते, तो त्यांना कळत होता की नाही माहीत नाही. शेवटी पाळकसाहेब पोचले, प्रार्थना केली, त्यांचाही आवाज फुटला. तेव्हा ते मला आवडले.
येणाऱ्या प्रत्येकाला दीना सांगते, शांति से गए. सांगू दे. इथे मात्र खरं लिहिते.
सेक्रेटरींचा फोन. "बहनजी, खुदाई कहाँ करवाएँ? अभी बोलना पड़ेगा." घरात माणसं, कोणीतरी बर्फाचं विचारत होतं. मी म्हटलं, "अमोल के पास."
"पास मतलब उसी में?"
"हव. उसी में."
फोन ठेवला. म. नी तर नको म्हटलं होतं. म्हणजे हे मी माझंच म्हटलं.

२७ ऑगस्ट
म. ना माती दिली त्या दिवशीचं आज लिहिते आहे.
बायका खोदायच्या वेळी जात नाहीत. मी गेले. दीना म्हणाली, मम्मी, प्लीज़. तिला घरी पाहुण्यांत ठेवून गेले. अस्तराचं उरलेलं सुती कापड बरोबर घेतलं, कडा दुमडून शिवलेल्या.
समारू आत उतरला होता. "दाई, झन देख." बघू नको म्हणाला, तरी मी काठावरच बसले.
पेटी नव्हती. काळी माती, गंजलेल्या दोन कड्या. वास फक्त ओल्या मातीचा. मग तो हळूहळू एकेक वर देत गेला आणि मी कापडावर ठेवत गेले. त्याने घाई केली नाही. सगळं लिहीत नाही. 
शेवटी पट्ट्याचं बक्कल आलं. स्टीलचं, एका कोपऱ्यात पोचा पडलेलं. कॉलेजात जायला लागला तेव्हा हट्टाने घेतलेला पट्टा. निळा शर्ट आठवत होता, केस आठवत होते, पट्टा मी विसरून गेले होते. बारा वर्षं रोज त्याला डोळ्यांपुढे आणते आणि पट्टा नव्हता. तेव्हा रडले. समारू वर बघत नव्हता, माती सारखी करत राहिला.
बक्कल आतच ठेवलं. गाठ मी बांधली. शिवणकाम करणाऱ्या बाईची गाठ आहे, सुटणार नाही.
संध्याकाळी म. ची पेटी उतरवली. सगळ्यांनी मूठ मूठ माती टाकली. मीही.
आता डोळे मिटले की दोन्ही दिसतं. निळा शर्ट आणि ते. वाटलं होतं एक आलं की दुसरं जाईल. गेलं नाही. बरं वाटलं असंही म्हणवत नाही.

१५ सप्टेंबर
विकासभैया आले. म्हणाले, दुःख करू नका, अंकल बेहतर जगह में हैं. म्हटलं, असतील, माझा विश्वास आहे. पण इथली जागा रिकामी आहे आणि मला इथे राहायचं आहे, त्याचं काय?  मग मात्र ते बराच वेळ बसले, काही न बोलता. पोहे केले त्यांना.

२ ऑक्टोबर
म. चा चष्मा कपाटात ठेवला. पुन्हा बाहेर काढला. देवाशी बोलणं थोडं सुरू झालं आहे. कमी शब्दांत, शेजाऱ्याशी भांडणानंतर बोलतात तसं.

३० ऑक्टोबर
दीना आली आहे. भोपाळला चला म्हणते, घर भाड्याने देऊन टाकू. चांगल्या मनाने म्हणते. नातवंडं आहेत. इथे कोण आहे मम्मी, म्हणते. मी चुन्याची बादली उचलली, तिला ते कळलं असावं.
कबरींना चुना लावायचे दिवस. दोघी कबरस्तानात गेलो. आमच्या कबरीची माती खचून बसली आहे. मिस्त्रीला दीनानेच बोलावलं होतं. त्याने सुतळीने माप घेतलं आणि मला विचारलं, "पक्का कर दें माताजी? पक्का हो गया तो फिर खुलना मुश्किल है. आगे का सोच के बोलिए."
आगे का म्हणजे माझं. सरळ माणूस, सरळ विचारलं. भ्याले, खोटं कशाला बोलू. दुसऱ्यांची उघडायला हो म्हटलं, त्यात स्वतः उतरायचं म्हणजे वेगळं. म. म्हणाले होते तेच, विश्वास आहे, भेव पण आहे. खाट आता माझी.
दीना म्हणाली, "मम्मी, पक्का करवा लो. अच्छा दिखेगा."
मी मिस्त्रीला म्हटलं, सांगते. "कल तक बता दीजिए," म्हणाला, आणि सिमेंटची गोणी कबरीशेजारीच ठेवून गेला, पुन्हा कोण वाहून आणणार. घरी येईपर्यंत आभाळ भरून आलं. दीना म्हणते, गोणीवर काहीतरी झाकायला हवं होतं, भिजली तर दगड होईल.
गोणी झाकायला मी अजून उठलेली नाही.