मेणाचं डांबर आणि सोफीचं गेट

३ फेब्रुवारी २००३, डिमोना, इस्रायल
सोफी बहिणीकडे किर्यात गातला गेली. विश्रांतीला. शनिवारच्या शब्बाथच्या आत येईल. सासूबाईंच्या दफनाला मी उशिरा पोचलो, एवढाच राग. लॅबमध्ये डांबराचे नमुने साच्यात गार होत होते, टाकून कसा जाणार?
संकल्प: फोन तिनेच करायचा.

१० फेब्रुवारी
शब्बाथ गेला. बस चुकली असेल.
लॅबमध्ये नवा प्रयोग. रस्त्याच्या डांबरात मेण घालायचं. हाईम इंजिनियरने विचारलं, काय होईल? म्हटलं, मऊ होईल. मेणासारखं मऊ असं आपण उगाच म्हणतो का?

११ फेब्रुवारी, दुपार
गरम मिश्रण एकदम सैल, खडी झटकन मिसळली. मी बरोबर!
सोफीला फोन केला. इस्त्री सापडत नव्हती म्हणून. गोड बोलली. विरघळतेय.

१३ फेब्रुवारी
गार नमुना मशीनमध्ये दाबून पाहिला. साध्या डांबरापेक्षा ताठ. मशीन बिघडलंय.

१४ फेब्रुवारी
मशीन ठीक आहे. हाईम म्हणतो, मेण गरम असेपर्यंतच डांबराला सैल करतं. थिजलं की उलट जास्त ताठ करतं. ट्रक गेले तरी रस्ता दबत नाही. तो खूश. मला जेवण गेलं नाही. अॅसिडिटी.

२० फेब्रुवारी
सोफीचा फोन! शांतपणे म्हणाली, "मला गेट पाहिजे." आणि ठेवला.
अंगणाचं गेट कधीचं मोडलंय, रोज कटकट करायची. म्हणजे येतेय! जुडा वेल्डरला ऑर्डर दिली. हिरवं, तिच्या आवडीचं. जुडाने दोनदा विचारलं, नक्की अंगणाचंच म्हणाली का? नसत्या चौकशा.

२ मार्च
गेट बसलं. मलिद्याच्या प्रसादासाठी पोहे, नारळ आणले. एलियाहू हन्नाबी प्रेषिताचा नवस दोघांनी मिळून फेडायचा.

४ मार्च
सोफी भावाबरोबर आली. मी गेट उघडून धरलं. ती बाहेरच उभी. हिरव्या रंगावरून हात फिरवला आणि रडायला लागली. म्हटलं, आवडलं ना?
म्हणाली, "अहो, गेट म्हंजे काय, तुमाला ठाव नाय? रब्बींसमोर नवऱ्यानं बायकोच्या हातात द्यायचा कागद. काडीमोड."
मला फोनवरच कळलं होतं बहुतेक.

१८ मार्च
रब्बी म्हणाले, कागद तिच्या ओंजळीत सोड. सुटेना. परत म्हणाले. सोडला.
निघताना सोफी म्हणाली, "येते हां." आपल्या मराठीत तसंच म्हणतात, जाते म्हणत नाहीत. माहीत आहे मला.
तरी अजून जेवलो नाही. थोडं थांबतो.