डावीकडचं चित्र उशिरा येतं

प्रिय शहाणे,

‘प्रिय’ हे सवयीने लिहिलंय, त्याचा फार अर्थ काढू नकोस. गेले पाच महिने मी तुझ्याशी बोललेलो नाही आणि आजही बोलायची इच्छा नाही. तुझा फोन आला की मी तो तुझ्या आईच्या हातात देतो आणि बाल्कनीत जाऊन उभा राहतो. तिथून सगळं ऐकू येतं, हे तुला माहीत असलेलं बरं. ‘बाबा कसे आहेत’ असं तू दर वेळी विचारतेस आणि ‘आहेत, घुश्शात’ असं ती दर वेळी सांगते. मग दोघी हसता. हसा.

बोलायचं नाही म्हणून लिहितोय. लिहायला बसलोच आहे तर आधी मनातलं सगळं ओकून टाकतो. कामाचं शेवटी आहे, तेव्हा रागावून पत्र मध्येच टाकून देऊ नकोस. अर्ध्यावर सोडायची खोड तुला लहानपणापासून आहे.

तू माझी गाडी विकलीस. ‘सर्व्हिसिंगला नेते, बाबा, संध्याकाळपर्यंत आणते’ असं म्हणून किल्ली माझ्याच हातातून घेतलीस, आणि मी मूर्खासारखा ‘क्लच जरा घट्ट आहे, सांभाळून’ असं बजावत फाटकापर्यंत सोडायला आलो. संध्याकाळी तू बसने परत आलीस. चप्पल काढता काढता म्हणालीस, गाडी दिली, बाबा, तुमच्या भल्यासाठीच. चौतीस वर्षं मी लोकांना गाडी शिकवली. बँकेतले साहेब, नर्सा, हॉटेलातले आचारी, नवऱ्याला न सांगता शिकायला येणाऱ्या बायका, सगळे माझी बोलणी खाऊन रस्त्यावर आले. शेजारच्या सीटवर माझ्या पायाशी माझा वेगळा ब्रेक होता आणि त्यावरचा पाय मी कधी हलवला नाही, म्हणून लोक मला ब्रेकमास्तर म्हणायचे. त्या माणसाची गाडी त्याच्या पोटच्या पोरीने थापा मारून नेली. एखाद्या चोराने नेली असती तर निदान पोलिसांत तरी जाता आलं असतं.

कारणं मला पाठ आहेत, तू इथे राहायला आली होतीस त्या महिन्यातली, सगळी तुझ्यादेखत घडलेली. फाटकाच्या खांबाला गाडी घासली. उभ्या टेंपोला लागून आरसा तुटला. आणि शाळेच्या वळणावर ती सायकलवाली बाई पडली, तिचा गुडघा सोलवटला. मी तेव्हा सांगितलं होतं की खांबच पुढे आलाय, टेंपो वाकडा उभा होता, आणि ती बाई कुठून उपटली ते देवाला ठाऊक. तू वाद घातला नाहीस. मान डोलावलीस, आणि मग मावशीला, जावयांना, खालच्या मजल्यावरच्या वकिलांना, ज्याला त्याला सांगत सुटलीस की बाबांचं आता वय झालं. वकिलांनी मला जिन्यात गाठून सांत्वन केलं. त्यांचं वय माझ्यापेक्षा सहा वर्षांनी जास्त आहे.

आणि एवढ्यावर न थांबता तू तो खोका पाठवलास. आत गाड्यांचा व्हिडिओ गेम आणि वर चिठ्ठी, ‘आता हवी तेवढी गाडी चालवा, कुणाला लागायची भीती नाही.’ तुला तो विनोद वाटला असेल. मी तो खोका आठ दिवस फोडला नाही. शेवटी तुझ्या आईनेच फोडला, आणि जावई फोनवरून सांगत गेले तशा सगळ्या वायरी टीव्हीच्या मागे खुपसल्या. आयुष्यात कधी बल्ब न बदललेली बाई, पण तुझ्या बाजूची म्हटल्यावर काय, अंगात बारा हत्तींचं बळ आलं.

पहिल्या दिवशी मी तो खेळ बघून संतापलो. कुंपण तोडलं की गुण मिळतात. दुसऱ्याच्या गाडीला घासून गेलं की शाबासकी मिळते. सिग्नल आहेत, पण ते कुणी पाळत नाही, आणि वळायचा इशारा द्यायला दिवाच नाही. ज्यांनी हा खेळ केला त्यांना माझ्याकडे आठ दिवस शिकायला पाठवलं पाहिजे. सुरुवातीलाच त्यांनी मला एक लाल, जमिनीला चिकटलेली गाडी दिली. मी ती गॅरेजात लावून टाकली आणि सगळ्यात साधी, चार दारांची, राखाडी गाडी निवडली. शर्यतीचं बोलावणं सारखं यायचं, ते मी एकदाही स्वीकारलं नाही. कुणाला हरवायचंय मला? रस्ता होता, आपण चालत होतो, बास.

पण खोटं कशाला बोलू, आवडलं. रस्ता संपत नाही, हे आवडलं. शहरातून निघायचं, पूल ओलांडायचा, डोंगराच्या वळणावळणांनी वर चढायचं आणि पलीकडे एकदम समुद्र. मी लाल सिग्नलला थांबायचो, मागच्या गाड्या भोंगे मारायच्या, मी हलायचो नाही. तुझी आई वाटाण्याच्या शेंगा सोलत शेजारी बसायला लागली. आधी नुसती बसायची, मग ‘जरा त्या दीपगृहाकडे घ्या ना’ म्हणायला लागली. मग पिवळ्या फुलांचं शेत. मग तिला एका टेकडीवरचं घर आवडलं आणि आम्ही रोज त्याच्यासमोर दोन मिनिटं थांबायला लागलो. पाच वाजले की ती चहा घेऊन यायची आणि म्हणायची, चला, निघायचं ना. खरी गाडी दारात असताना इतक्या वर्षांत तिला इतकं कुठे फिरवलं नव्हतं मी. दिवसभर दुसऱ्यांना शिकवून आल्यावर मला स्टिअरिंगचं तोंडसुद्धा बघवायचं नाही. हे तुला कळू द्यायचं नाही असं मी तिला बजावलं होतं, म्हणजे तुला केव्हाच कळलं असेल.

आता ऐक. त्या राखाडी गाडीचा डावा दिवा रोज फुटायचा. उजवी बाजू कोरी करकरीत आणि डावी चेपून चेपून पत्र्याच्या डब्यासारखी. डावीकडून गाड्या अचानक समोर यायच्या. झाडं यायची, खांब यायचे. मी म्हटलं, हा खेळच सदोष आहे. मग वाटलं, टीव्ही जुना झालाय. शेवटी मी टीव्ही दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं आणि सांगितलं, डावीकडचं चित्र उशिरा येतंय, बघा. त्याने मागचं झाकण काढलं, बसवलं, मग खेळाचा रिमोट स्वतःच हातात घेऊन दहा मिनिटं गाडी पिटाळली. म्हणाला, काका, टीव्ही ठणठणीत आहे, तुम्ही डोळे दाखवून घ्या. मी त्याला काय काय बोललो ते लिहीत नाही. दारापर्यंत सोडायलाही गेलो नाही.

त्या खेळात एक बटण आहे, ते दाबलं की धडकेच्या आधीच्या काही क्षणांत परत जाता येतं. मी ते कधी वापरत नव्हतो, कारण रस्त्यावर असलं बटण नसतं आणि माणसाला भलती सवय लागते. तो माणूस गेल्यावर तसाच रागारागाने खेळायला बसलो आणि पुलाच्या तोंडाशी एका ट्रकवर आदळलो. तुझी आई म्हणाली, अहो, एवढा धिप्पाड ट्रक, कधीचा येत होता, दिसला कसा नाही तुम्हाला? ट्रक नव्हताच, मी म्हटलं. तिने शेंगांची परात बाजूला ठेवली आणि म्हणाली, मागे न्या. मी मागे नेलं. रस्ता मोकळा होता. पुन्हा आदळलो. पुन्हा मागे नेलं. तिसऱ्यांदा तिने माझी हनुवटी धरली आणि लहान मुलाची फिरवावी तशी माझी मान डावीकडे फिरवली. ट्रक होता. निळा होता, वर पांढरी ताडपत्री होती. तो तिथे पहिल्यापासून होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी एका मोठ्या वाडग्यासारख्या यंत्रात माझं तोंड घालायला लावलं आणि हातात एक बटण दिलं. कुठेही ठिपका चमकला की दाबायचं. मी बराच वेळ बटण न दाबता बसलो होतो, मला वाटलं, यंत्र अजून सुरू व्हायचंय. काचबिंदू आहे. डाव्या डोळ्यातलं फार थोडं उरलंय, आणि उजव्याचंही नाकाकडच्या बाजूचं जायला लागलंय. दुखत नाही, खुपत नाही, काळोखही दिसत नाही. जे दिसत नाही तिथे डोकं आपल्या मनाने मोकळा रस्ता काढून ठेवतं, असं बाई म्हणाल्या. गेलेलं परत येत नाही. उरलेलं टिकावं म्हणून रोज थेंब घालायचे, जन्मभर.

घरी यायच्या आधी मी शाळेच्या वळणावर गेलो. ती सायकलवाली बाई तिथल्याच एका दुकानात गणवेश शिवते. तिच्याबद्दल मी सगळ्यांना सांगितलं होतं की बेशिस्त बाई आहे, मध्ये घुसली. ती तिच्या बाजूने, तिच्या वेगाने, सरळ चालली होती. मी तिला म्हटलं, चूक माझी होती, मला डावीकडचं दिसत नाही, तेव्हा मला माहीत नव्हतं. तिने मशीन थांबवलं नाही. म्हणाली, माझ्या मागच्या सीटवर त्या दिवशी माझी मुलगी नव्हती, एरवी असते. मग तुझी आई मला हाताला धरून बाहेर घेऊन आली.

म्हणजे गाडी नेलीस ते बरोबर केलंस. हे मी एकदाच लिहितोय, पुन्हा लिहिणार नाही. पण माझा राग गेलेला नाही आणि आता तर त्याला जास्त कारण आहे. खांब डावीकडचा होता, टेंपो डावीकडे होता, बाई डावीकडे होती. तू हुशार आहेस, शेजारी बसून सगळं पाहिलं होतंस, तुला ते जुळवता आलं असतं. ‘बाबा, तुम्हाला या बाजूचं दिसत नाही, चला डॉक्टरकडे’ एवढंच म्हणायचं होतं. तू वय म्हणालीस. वय म्हटलं की काम सोपं होतं, वयावर औषध नसतं, कुणाला कुठे न्यावं लागत नाही. पाच महिने आपण दोघं अबोला धरून बसलो आणि त्या पाच महिन्यांत जे गेलं ते गेलं. मी ऐकलं असतं का? नसतं ऐकलं. आरडाओरडा केला असता, ताटावरून उठलो असतो. तरी तू तोंडावर सांगायला हवं होतंस. माझ्याशी भांडायला मीच तुला शिकवलं होतं.

आणि तुझ्यावर आग पाखडताना मला एक आठवलं, ते तुलाही सांगून टाकतो. माझे वडील शेवटची काही वर्षं दाराच्या चौकटीला खांदा आपटायचे. पाण्याची बादली त्यांच्या पायाने लवंडायची, कप टेबलाच्या कडेला ठेवायला जायचे आणि हवेत सोडायचे. आम्ही हसायचो. समोरचं दिसत नाही का, असं मी त्यांच्यावर खेकसायचो. ते ओशाळं हसून म्हणायचे, वय झालं रे. त्यांना कुणी कधी डॉक्टरकडे नेलं नाही. मी पण नाही.

डॉक्टरीणबाईंनी निघताना विचारलं, घरात आणखी कुणाला होता का? मी वडिलांचं सांगितलं. मग त्यांनी पेन खाली ठेवून विचारलं, मुलं किती. मी म्हटलं, एक मुलगी, बेचाळीस वर्षांची, रोज तासभर गाडी चालवत कामाला जाते. त्या म्हणाल्या, हा बापाकडून मुलीकडे जाऊ शकतो, तिला आजच कळवा. लवकर सापडला तर काही जात नाही. त्याला आज चार दिवस झाले. चार दिवस मी फोन हातात घेतोय आणि खाली ठेवतोय. तुझी आई म्हणाली, मी सांगते. मी नको म्हटलं. तिला तू ‘हो गं, जाते गं’ म्हणून गुंडाळशील आणि तिथेच विसरशील. तुझ्या गावातल्या डॉक्टरांचा पत्ता बाईंनी लिहून दिलाय, तो सोबत जोडलाय, पुढच्या गुरुवारी सकाळी साडेदहाची वेळ मी तुझ्या नावाने घेतली आहे. जाताना गाडी चालवू नकोस, जावयांना चालवू दे. तुला चष्म्याचं दुकान चालणार नाही, ते वाडग्यासारखं यंत्रच हवं, आणि त्यात ठिपका दिसला नाही तर अंदाजाने बटण दाबू नकोस. गाडीच्या बाबतीत तू माझ्याशी खोटं बोललीस, ते मी आज ना उद्या गिळेन. हे मात्र खोटं सांगू नकोस. ‘जाऊन आले, सगळं ठीक आहे’ असलं काही मी ऐकून घेणार नाही. तपासणीचा कागद मला पाठव. दोन्ही डोळ्यांचा.

रागावलेला, आणि तरी तुझाच,
बाबा