उकळलेल्या तारा

५ मार्च १९९५, रविवार

आजही मागच्या खुर्चीवर. सहा महिने झाले. अंकल सिरिल पुढे बसून बेस गिटार वाजवतात, मी त्यांच्या डाव्या खांद्यामागे घडीच्या खुर्चीवर बसून हात पाहते. क्लबाचा टी-डान्स, म्हणजे चहा आणि नाच, तीन ते सहा. वॉल्ट्झ, चा-चा, शेवटी जोगेट, तो जलद मलाय नाच. नाचणारे बहुतेक साठीच्या पुढचे.

एका वॉल्ट्झमध्ये मला जिथे जिथे आणखी एक सूर घालावासा वाटला, तिथे अंकलनी काहीच वाजवलं नाही. ती जागा मोकळी राहिली. नीट पाहिलं तर लोकांची पावलं तिथेच पडत होती.

पांढऱ्या बुटांचे आजोबा आज दोनदा बायकोबरोबर, एकदा एकटेच नाचले. ते कानातलं यंत्र काढून खिशात ठेवतात आणि मग नाचतात. टानने आज सांगितलं. टान ड्रम वाजवतो, बँडही त्याचाच. म्हणाला, त्यांना काही ऐकू येत नाही, लाकडी जमिनीतून बेस तळव्यांना लागतो तेवढाच.

म्हणजे अंकल नोटेशनकडे पाहत नाहीत ते यासाठी. ते बुटांकडे पाहतात.

८ मार्च, बुधवार

ईस्ट कोस्टला अंकलच्या घरी शिकवणी. चोआ चू कांगच्या घरून एमआरटी, म्हणजे इथली लोकल, जुराँग ईस्टला बदलून पुन्हा एमआरटी, मग बस. पाठीवर माझा बेस. डब्यात एका बाईने विचारलं, आत कोण झोपलंय.

अर्धा तास एकच सूर. अंकल पेपर वाचत होते. वाटलं, ऐकत नाहीत. शेवटी पान उलटता उलटता म्हणाले, "गर्ल, सुरू सगळ्यांनाच करता येतं. बंद कधी करतेस ते ऐक."

मग स्वतःचा बेस घेतला. कोपर टेकतं तिथला रंग उडून आतलं लाकूड दिसतं. तारा चपट्या पट्टीने गुंडाळलेल्या, गुळगुळीत, काळपट तपकिरी. टोकांना लाल रेशमी धागा. तारांखाली भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा. एक तार छेडली. ओल्या मातीवर नारळ पडावा तसा आवाज. पडला आणि संपला.

मी त्यानंतर घरापर्यंत काही ऐकलं नाही.

१२ मार्च, रविवार

जोगेट चालू असताना अंकलची डाव्या हाताची दोन बोटं दुमडली ती उघडेनात. त्यांनी तो सूर सोडून दिला, उजव्या हाताने बोटं सरळ केली, पुढच्या ठोक्याला परत हजर. टानखेरीज कुणाला कळलं नाही.

नंतर चहा घेताना सांगितलं. २० तारखेला हाताचं ऑपरेशन. दोन महिने वाजवायचं नाही. मग बोटं किती वाकतात ते पाहायचं.

टानने विचारलं, तोपर्यंत कोण. अंकलनी मान मागे केली, माझ्या खुर्चीच्या दिशेने.

इथे राहायच्या माझ्या पासवर, परवान्यावर, नोकरी करता येत नाही. टान म्हणतो, बेस वाजवण्याला या शहरात कुणीही नोकरी म्हणणार नाही.

१९ मार्च, रविवार

अंकलनी स्वतःचा बेस माझ्या हातात दिला. म्हणाले, यावरच वाजव, जमिनीला याची सवय आहे. दारापर्यंत आले आणि एवढंच म्हणाले, "लुक आफ्टर." मी हो म्हटलं.

मुक्ता घरी आल्यावर म्हणाली, "आई, धिस वन सो ओल्ड लाह." तिला हात लावू दिला नाही.

२६ मार्च, रविवार

पुढची खुर्ची.

पहिले दोन नाच काय वाजवलं आठवत नाही. नंतर लक्षात आलं, फार करावं लागत नाही. मी तार छेडते आणि बेस उरलेलं पाहतो. सूर येतो, वजन टाकतो, निघून जातो. आजोबा चार वेळा नाचले. जाताना माझ्याकडे नाही, बेसकडे पाहून मान हलवली.

टान म्हणाला, नॉट बॅड. टानकडून इतकंच मिळतं. पुरलं.

३१ मार्च, शुक्रवार

उद्या पाडवा. सकाळपासून घर साफ करायला काढलं. पंखे, खिडक्या, देवाची भांडी. मग बेस. लाकडाला मऊ फडकं. तारा उतरवल्या. मोठ्या पातेल्यात पाणी, चमचाभर सोडा, वीस मिनिटं उकळल्या.

दादा असंच करायचा. पुण्यात त्याच्या ऑर्केस्ट्रात मी तीन वर्षं बेस वाजवला. बाहेरच्या तारा मिळायच्या नाहीत, कुणाचा नातलग परदेशातून येईपर्यंत तोच सेट. दर दोन महिन्यांनी दादा तारा उकळायचा, आई पातेल्यावरून ओरडायची, आणि तारा नव्यासारख्या वाजायच्या. वाद्य दुसऱ्याचं असेल तर परत देण्याआधी हमखास. ती रीत होती.

मुक्ता स्वयंपाकघरात डोकावून म्हणाली, "यू कुकिंग गिटार सूप आह?"

पाणी तपकिरी झालं, मग लाल. टोकांचा रेशमी धागा सुटून वर आला. तो गाळून कागदावर वाळत ठेवलाय.

तारा पांढऱ्या झाल्या. चांदीसारख्या.

१ एप्रिल, शनिवार. पाडवा

गुढी स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर, कपडे वाळत घालायच्या बांबूवर. शेजारच्या आंटीने विचारलं, एवढी चांगली साडी पावसाच्या दिवसात कशाला वाळत घातलीस. श्रीखंड दिलं.

दुपारी तारा चढवल्या. छेडली. घंटेसारखा आवाज.

पुन्हा छेडली. स्पंज दाबून बसवला. पुन्हा. आवाज जातच नाही. मी थांबते, तो चालू राहतो.

दादाच्या तारा खडबडीत, वेगळ्या जातीच्या होत्या. हे मला कालच दिसत होतं.

२ एप्रिल, रविवार

वाईट.

सूर एकमेकांत मिसळत गेले. एक संपायच्या आत दुसरा. आजोबा पहिल्या वॉल्ट्झमध्ये दोनदा थांबले, पायांकडे पाहिलं, बायकोने हात धरून पुढे नेलं. दुसऱ्यात पुन्हा. मग खुर्चीत बसले आणि खिशातलं यंत्र काढून कानात घातलं. शेवटपर्यंत काढलं नाही.

टान सामान आवरताना म्हणाला, "सिरिलच्या बेसला काय केलंस?" सांगितलं. त्याने झांजेचा स्क्रू सोडवला. म्हणाला, त्या तारा अंकलनी चौसष्ट साली चढवल्या. त्यानंतर कधी पुसल्यासुद्धा नाहीत. एकतीस वर्षांचा हाताचा मळ होता, तोच तो आवाज.

मी विचारलं, आता काय करू. म्हणाला, रोज तळलेलं खाऊन हात न धुता वाजव. मस्करी करत होता. पण पूर्ण मस्करीही नव्हती.

३ एप्रिल, सोमवार

मुक्ताच्या बाबांचा, सुधीरचा फोन, डर्बनहून. तो जहाजावर सेकंड इंजिनीअर, अजून चार महिने बाहेर. सगळं सांगितलं. तो आधी हसला, मग हसायचा थांबला.

मी म्हटलं, तशाच जातीचा नवा सेट चढवला तर? दुकानात मिळतो.

म्हणाला, चढव की. पण आमच्याकडे पार्ट बदलला तर लॉगबुकमध्ये लिहावं लागतं. पुढच्या माणसाला इंजिन कळायला हवं.

सुधीरला वाटतं मी सल्ला मागितला होता. मी मुभा मागत होते.

५ एप्रिल, बुधवार

दुकानात नव्या चपट्या तारा वाजवून पाहिल्या. माझ्या उकळलेल्यांपेक्षाही जास्त चकचकीत. दुकानदार म्हणाला, दहा वर्षं वाजवा, मग छान वाजतील.

परत आले. जुन्याच ठेवल्या.

१२ एप्रिल, बुधवार

अंकलच्या घरी. डावा हात बँडेजमध्ये. उजव्या हाताने एकट्याने चहा केला, मला उठू दिलं नाही. मनगटाने डबा दाबून धरला आणि झाकण काढलं. काही सांडलं नाही.

विचारलं, पांढरे बूट येतात का. मी म्हटलं येतात. नाचतात का हे त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

९ तारखेला आजोबा आले होते. यंत्र कानातच होतं. एकदाही उठले नाहीत.

१६ एप्रिल, रविवार. ईस्टर

टी-डान्स नाही. अंकलनी मुक्ताला आणि मला जेवायला बोलावलं. बेस घेऊन गेले. कागदात बांधलेला रेशमी धागाही.

जेवणानंतर मुक्ता बाल्कनीत गेली तेव्हा सांगितलं. मधे न थांबता. कागद समोर ठेवला.

"उकळल्यास," अंकल म्हणाले. तो प्रश्न नव्हता.

मग विचारलं, पाण्यात काय घातलं. मी म्हटलं सोडा. साबण नाही ना? नाही. गुड, म्हणाले.

मला वाजवायला लावलं. बँडेजचा हात लाकडावर टेकवून, डोळे मिटून ऐकत राहिले. लांबून आलेल्या माणसाचा चेहरा ओळखू पाहावा तसे. मी एक आख्खा वॉल्ट्झ वाजवला. मग त्याचाच अर्धा पुन्हा.

"इतकी वर्षं त्या तारा आपापल्या बंद व्हायच्या," ते म्हणाले. "मला वाटायचं मी बंद करतोय."

मी माफी मागितली. ती ऐकून न ऐकल्यासारखं करून त्यांनी शिकवणी सुरू केली. सूर संपवायचा तर डावं बोट उचल. पूर्ण नाही. तार खालच्या लाकडी पट्टीवरून सुटेल इतकंच. तार सोडायची, पण बोट तिच्यावरच ठेवायचं. तीन तास. मुक्ता सोफ्यावर झोपून गेली.

रागावले असतील. कळलं नाही. निघताना रेशमी धाग्याचा कागद त्यांनी घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला. परत दिला नाही.

२३ एप्रिल, रविवार

बोट उचलत वाजवलं. मनगट जळतंय. चौथ्या नाचाला आजोबांनी यंत्र काढलं. अर्धा नाचले. मग बसले, पण यंत्र खिशातच ठेवलं.

अंकलना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, कुठला अर्धा? मी म्हटलं पहिला. म्हणाले, मग दुसऱ्या अर्ध्यात तू खूश झालीस आणि बोट उचलायला विसरलीस.

बरोबर.

७ मे, रविवार

आजोबा तीन नाच पूर्ण. टान नॉट बॅडसुद्धा म्हणाला नाही. झांजेवर काठी एकदा हळूच टेकवली.

१४ मे, रविवार

बँडेज सुटलं. अंकल क्लबात आले, मागच्या घडीच्या खुर्चीवर बसले. माझ्या मागे. तीन तास मान ताठ.

नंतर हात दाखवला. दोन बोटं दाबता येतात. उचलता येतात, पण उशिरा. ठोका निघून गेल्यावर. डॉक्टर म्हणाले, कदाचित सुधारेल, कदाचित एवढंच.

घरी येताना बसमध्ये उमगलं. जुन्या तारांवर ही बोटं चालली असती. सूर बंद करायचं काम तारा करायच्या. या तारांवर ते काम बोटांना करावं लागतं, आणि त्यांची बोटं तेच करू शकत नाहीत.

मी फक्त आवाज धुतला नव्हता.

१५ मे, सोमवार

सकाळी मुक्ता शाळेत गेल्यापासून ती येईपर्यंत वाजवला. पंखा बंद ठेवून. घाम तारांवर.

१८ मे, गुरुवार

आजही. पोहे केले, हात न धुता बसले. आई असती तर काय म्हणाली असती. जाड तार किंचित काळवंडली आहे. की मला तसं दिसावंसं वाटतं.

अंकलना हे सांगितलेलं नाही. बहुतेक कळलं आहे. काल फोनवर म्हणाले, "गर्ल, बोटांना थोडी विश्रांती दे." मी किती वाजवते हे त्यांना कुणी सांगितलं?

२१ मे, रविवार

अंकल पुन्हा मागे बसले. मधल्या सुट्टीत बेस मागितला. अर्धं मिनिट वाजवला, लोक चहा घेत असताना. सगळे सूर लांबले, एकमेकांवर चढले. त्यांनी चेहरा वाकडा केला नाही. पुन्हा तेच वाजवलं, पण अर्धे सूर गाळून. उरलेल्यांच्या मधे एवढी जागा की लांबलेला सूर तिथे आपोआप मरतो. बोट उचलायची गरजच नाही.

दोन महिन्यांत मला हे सुचलं नाही. त्यांना दुसऱ्या खेपेला.

चहाच्या टेबलाजवळ आजोबा बशी हातात धरून उभे होते. त्यांनी पायांकडे पाहिलं.

अंकलनी बेस मला परत दिला. वॉल्ट्झ असा होईल, म्हणाले. जोगेटचं माहीत नाही. जोगेटमध्ये गाळायला जागा कुठे असते.

२७ मे, शनिवार

टानचा फोन. उद्या पुढे दोन खुर्च्या ठेवायच्या असं सिरिल म्हणाला, म्हणे. मी विचारलं, वाजवणार कोण. टानने तेच विचारलं होतं. अंकल म्हणाले, आधी तारा कशा आहेत ते पाहू.

दुपारी शेवटचा एक तास वाजवला. जाड तार छेडून बोट मुद्दाम न उचलता थांबले. घंटा नाही. नारळही नाही. मधलं काहीतरी. आठ आठवड्यांत यापेक्षा जास्त होत नसावं.

मुक्ता फडकं घेऊन आली. तिला वाटलं, क्लबात न्यायचाय तर स्वच्छ करायचा. "आई, वाइप ऑर नॉट?"

नको म्हटलं. तसाच पिशवीत ठेवला.