गाळा नंबर चारमधला पंखा

१९ सप्टेंबर
पैज लागली! ह्यांनी घरच्या घरी बांधलेल्या एकट्याने बसायच्या विमानाचा नवा पंखा दसऱ्यापर्यंत चालला, तर विमान ठेवलेला पूर्णा गावातला चार नंबरचा गाळा ह्यांचाच. नाही चालला, तर माझा — मसाल्याची गिरणी टाकणार. गाळा माझ्या नावावर, तरी पैज मलाच लावावी लागते!

२२ सप्टेंबर
आज घट बसले. मनोज भावजी, ह्यांचे धाकटे भाऊ, विमानाचे मेकॅनिक. म्हणाले, "वहिनी, जुन्या पंख्याची पाती एकाच कोनात घट्ट. म्हणजे कसारा घाट टॉप गिअरमध्ये चढायचा." नव्याची पाती तेलाच्या दाबाने वळतात. तेल पंख्यापर्यंत जावं म्हणून इंजिनाच्या पोकळ दांड्याचं पुढचं बूच काढलं, आत खोलवर दुसरं बसवलं. दांड्याच्या उघड्या तोंडात फडकं कोंबलं. मला सगळं समजलं — हे दसऱ्यापर्यंत होत नाही!

२७ सप्टेंबर
पंखा चढवला. इंजिन धडाडलं, पत्र्यावरची कबुतरं उडाली, पाती मात्र ढिम्म. भावजी तेल तपासतायत, हे पुस्तक चाळतायत. मी गिरणीवाल्याला फोन केला.

२८ सप्टेंबर
पंखा उतरवला. दांड्याच्या पोकळीत, तेलाच्या वाटेत — सुपारी!
सासूबाई शांत. "घटाच्या दिवशी मीच ठेवला गनपती. एवढी गोल देवळी केलीव, मलकं फडकं कोंबलंव त्यात! देवळी रिकामी ठेवतात काय?"
हे तोंड उघडणार तोच, "केसरीनाथ, देवाला उठवलास ना? हात जोड आदी!"
दोघे भाऊ तेलकट हातांनी सुपारीपुढे उभे. मी पोट धरून हसले.

१ ऑक्टोबर
ह्यांनी पात्यांचा कोन बदलायचा खटका ओढला आणि इंजिनाचा आवाज खाली उतरला. पाती वळली! मी हरले, आणि डोळ्यांत पाणी — आनंदाचं. ह्यांना सांगितलं, धूर गेला.

४ ऑक्टोबर
भावजींनी विमान तोललं. नवा पंखा जुन्यापेक्षा बराच जड. आता बसणाऱ्याचं वजन साठ किलोच्या आत हवं. हे ब्याण्णव! जेवले नाहीत. केवढ्या हौसेने बांधलंय. फार वाईट वाटलं.

५ ऑक्टोबर
माझं अठ्ठावन्न. ह्यांनी सीट पुसली आणि म्हणाले, "विनिता, तू शीक." मी हो म्हणाले!