साईच्या खोलीतला चौदा इंची

तंजावूर
५ फेब्रुवारी १९९७

चि. वैद्यनाथास अक्काचे पोटभर आशीर्वाद.

तू पुण्याहून पाठवलेले व्हिडिओ गेमचे खोके काल सुखरूप पोचले. साईप्रियाने ते उशाशीच ठेवून घेतले आहे, कोणाला हलवू देत नाही. कमरेपासून पावलापर्यंत प्लास्टर, अजून दोन महिने उताणेच पडून राहायचे. अशा पोरीला भाचीची आठवण ठेवणारा मामा आहे, याचे किती समाधान वाटले ते कसे लिहू! अपघातापासून ती पहिल्यांदा हसली.

माझ्याशी मात्र बोलत नाही. पाणी हवे तरी तिच्या अप्पांना, म्हणजे ह्यांना, सांगते. मोपेड मीच चालवत होते ना. पापनाशमच्या वाटेवर वासरू आडवे आले, मी वळवली आणि मागे बसलेली ती पडली. मार्चमधली बारावीची परीक्षा हुकणार. तिने रागावू नये तर काय करावे?

आता पेच टीव्हीचा. हॉलमधली लाकडी पेटी ब्लॅक अँड व्हाइट, शिवाय दोघांना उचलत नाही. हे म्हणतात, खोलीत नवा ठेवायचाच तर एकवीस इंची रंगीत घेऊ. तू टीव्हीच्या कारखान्यात काम करतोस, तूच सांग.

तुझी,
नागलक्ष्मी अक्का

&nbsp;

पुणे
१४ फेब्रुवारी १९९७

ती. अक्कास शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र पोचले. वांगी घेताना चार दुकाने हिंडणारी माझी बहीण टीव्हीचा निर्णय माझ्यावर सोपवते, म्हणजे जग बदलले म्हणायचे.

भावजींना माझा नमस्कार सांग आणि एकवीस इंचीचा नाद सोडायला सांग. साईच्या खाटेपासून भिंत सात फुटांवर. गेमचे चित्र चौकोनी तुकड्यांचे असते. मोठ्या काचेवर ते कोलमच्या रांगोळीतल्या ठिपक्यांसारखे सुटे सुटे दिसते. चौदा इंची घे, चित्र घट्ट दिसेल. मात्र पिवळी आणि पांढरी पिन लावायची भोके आहेत का ते पाहा. नसली तर अँटेनाच्या वाटेने जोडावे लागते आणि पडद्यावर मुंग्या येतात. दुकानदार दाखवील त्या कॅसेटवर विश्वास ठेवू नकोस. गेम पिशवीत घालून ने आणि तिथेच खेळून बघ.

आणखी एक. काच फुगीर असते, तिच्यात खिडकीचा उजेड पडतो. पोर जिथून बघणार तिथून चित्र कसे दिसते, ते पाहून मगच घे.

तुझ्या हातून वासरू वाचले आणि पोरगीही वाचली, हे विसरू नकोस. दोघींवर माझा लोभ आहे तसाच.

तुझा,
वैद्यनाथ

&nbsp;

तंजावूर
२ मार्च १९९७

चि. वैद्यनाथास अनेक आशीर्वाद.

कीळवासल पेठेतल्या रघोजींच्या दुकानातून चौदा इंची घेतला. तू सांगितलेस तसा नीट पाहून घेतला, एवढेच लिहिते. खाटेच्या पायथ्याशी लोखंडी स्टँड करून तो थोडा पुढे झुकवला आहे. साई सकाळपासून खेळते. मी स्वयंपाकघरातून तिचे ओरडणे ऐकते आणि रसम उतू जाऊ देते. माझ्याशी अजून शब्द नाही, पण घरात तिचा आवाज आहे. देवाने आणि तू मिळून एवढे दिले, मी आणखी काय मागू?

तुझी,
अक्का

&nbsp;

तंजावूर
१९ मार्च १९९७

ती. मामांस साईप्रियाचा नमस्कार.

घरी आपण मराठी बोलतो, पण मला लिहिता तमिळच येत होते; पडल्या पडल्या अम्माच्या जुन्या वहीवरून देवनागरी गिरवली. माझे हे पहिलेच पत्र, चुका पोटात घाला.

परवा एक पिन सैल झाली म्हणून रघोजी काका आले होते. काम करता करता म्हणाले, तुझ्या अम्मासारखे गिऱ्हाईक जन्मात पाहिले नाही. तिने दुकानात दोन बाके जोडून घेतली, गेमची पिशवी डोक्याखाली घेतली आणि चक्क उताणी निजली. पायथ्याशी एकामागून एक पाच टीव्ही लावायला लावले. आमच्या घरी खिडकी डावीकडे आहे म्हणून दुकानाचे डावे दारही उघडायला लावले. लोक हसत होते. ती शिकवते त्या शाळेतल्या दोन मुली आईबरोबर मिक्सर घ्यायला आल्या होत्या, त्यांनीही पाहिले. पाचव्या टीव्हीच्या काचेत दाराचा उजेड दिसेनासा झाला तेव्हाच ती उठली.

शाळेत जिच्या पदराची घडी कधी मोडत नाही, ती माझी अम्मा, मामा!

काका गेल्यावर मी तिला हाक मारली. ती ओल्या हातानेच धावत आली, तिला वाटले काही दुखले. मी म्हटले, वासराला तू काय करणार होतीस? मैत्रिणी कॉलेजात जातील आणि मी मागे राहीन, याचा राग होता. तो तुझ्यावर काढला, कारण तू मला सोडून जाणार नाहीस हे ठाऊक होते.

ती खाटेवर माझ्या शेजारी आडवी झाली. मी गेमचा दुसरा कंट्रोलर तिच्या हातात दिला. पडद्यावर दोन गाड्या सुटल्या. पहिल्या वळणावर अम्माला रडू आले, हातातले सगळे सुटले. मग मी माझी गाडी उभी करून तिचा कंट्रोलर घेतला आणि ती डोळे पुसेपर्यंत तिची गाडी रस्त्यावर ठेवली.

तुमचे उपकार लिहायला मला अजून पुरेशी अक्षरे येत नाहीत. आमच्यावर माया अशीच राहू द्या.

तुमची,
साई