देव अजून पाण्यातच

९ एप्रिल १९८४, सोमवार

सासूबाईंनी आज देव पाण्यात ठेवले. गणपती, अन्नपूर्णा, बाळकृष्ण — तिघांना उचललं, तांब्याच्या पातेल्यात बुडवलं, वर झाकण. मला विचारलंसुद्धा नाही! ‘जयवंताची खबर येईपर्यंत भायर काढूचंय नाय,’ म्हणाल्या.

जयवंत म्हणजे माझा नवरा. गिरणीचा संप चिघळला तसा एजंट धरून मस्कतला गेला, फिटर म्हणून. दिवाळीपासून पत्र नाही, निरोप नाही. एजंट म्हणतो, ‘काम जास्त असेल, वहिनी.’ आणि शिक्षा कुणाला? देवांना! बरं झालं. मला विचाराल तर झाकणावर दगडही ठेवा.

१४ एप्रिल

चाळीच्या नळाला अर्धा तास पाणी. मी दोन बादल्यांसाठी शेजारच्या नंदाशी भांडले, आणि इकडे सासूबाई पातेलं घासून देवांना ताजं पाणी भरतायत! म्हटलं, ‘आई, त्यांना शिक्षा करताय की त्यांचे लाड करताय?’ म्हणाल्या, तोंड सांभाळ. नाही सांभाळलं.

३ मे

नंदा दर गुरुवारी भजनाला जाते. येताना जिन्यात अडवलं मला. ‘जानकी, धीर धर गं. आपल्याला दिसत नाही, पण आतून देवाचं काम चालू असतं.’

म्हटलं, कॉर्पोरेशनचंही तसंच चालू असतं! रस्ता खणून ठेवतात, माणूस एक दिसत नाही. नाक मुरडून गेली. जाऊ दे. तिचा नवरा संध्याकाळी घरी येऊन खोकतो, पाय धुतो, चहा मागतो. तिला काय जातंय धीर वाटायला!

खरं सांगायचं तर मला भीती वाटते. तो मेला असेल तर मला कळवणार कोण? सकाळी कुंकू लावताना हात अडखळतो. आणि देव काय करतायत? आरामात पाण्यात पडलेत.

१८ जून

कांजूरमार्गला औषधांच्या कंपनीत लागले, पॅकिंगला. सासूबाई आकांडतांडव करतील अशी तयारी ठेवली होती. भांडणाची वाक्यंसुद्धा ठरवली होती! सकाळी बघते तर डबा भरून तयार. भाकरी आणि सुकटीची चटणी. चटणी झकास होती.

२ जुलै

आज डोकंच फिरलं. झाकण काढून बाळकृष्णाला म्हटलं, ‘काय रे, आत बसून काय चाललंय तुझं? रांगणं? माझा नवरा कुठाय ते सांग, मग हवं तेवढं रांग!’

मागे सासूबाई उभ्या! वाटलं, आता थोबाडीत बसणार. म्हणाल्या, ‘माझा आयकना नाय, तुजा तरी आयकता काय बघ.’

२१ सप्टेंबर

सुपरवायझरने मला पॅकिंगवरून मशीनवर घेतलं, म्हणजे बढतीच. सासूबाईंनी शिरा केला. देव उपाशी आणि आम्ही शिरा खातोय!

१४ ऑक्टोबर, रविवार

सासूबाईंच्या गावचा दशरथ आला. मस्कतला जयवंतच्याच खोलीत राहायचा, आता सुट्टीवर आलाय. चहा दिला तर कपातच बघत बसला. सासूबाईंनी विचारलं, ‘जिवंत आसा मां?’

‘आसा.’

जिवंत! हसावं की रडावं कळेना.

मग एकेक बाहेर पडलं. जयवंत मस्कत सोडून शिमग्याच्या आधीच परत आला. इथेच, तासाभरावर माहुलला खोली केलीय. एक बाई आहे. ‘दिवाळीक घराक येतंय म्हणता, वैनीची समजूत काढतंय म्हणता,’ एवढं सांगून दशरथ चहा तसाच टाकून गेला.

माहुल! मी मस्कतच्या वाटेकडे डोळे लावून बसले आणि हा माहुलला! देव पाण्यात गेले त्याच्याही आधीपासून!

सासूबाईंनी देव बाहेर काढले. पदराने पुसले, दिवा लावला. ‘खबर मागितलंय, खबर दिल्यान,’ म्हणाल्या. आवाज अगदी कोरडा. मला किंचाळावंसं वाटलं. ही खबर? नंदाचं ते आतून चाललेलं काम हेच का? देवाला, जयवंतला, दोघांनाही मनातल्या मनात सगळ्या शिव्या घातल्या. दिव्याकडे बघितलंसुद्धा नाही.

१६ ऑक्टोबर

कामावरून आले तर देव्हारा पुन्हा रिकामा. पातेलं ओट्यावर, तिघेही आत.

म्हटलं, ‘आता कशासाठी?’

सासूबाई भाजी चिरत होत्या. वर न बघता म्हणाल्या, ‘दिवाळीक तेचो पाय ह्या घरात पडता नये म्हणान.’

पोटचा मुलगा!

पाणी कमी वाटलं. मी आणखी एक तांब्या ओतला.